दमलेल्या सिस्टरला चहा कोण विचारतं? जुन्या डॉक्टर-नर्स कादंबऱ्यांची गोडी

पहिल्या दहा पानांतच सगळं कळून चुकतं. लंडनमधलं जुनं, मोठं हॉस्पिटल. पंचविशी ओलांडलेली वॉर्ड सिस्टर, कामात चोख, दिसायला स्वतःच्या मते अगदीच साधी. आणि राउंडला आलेला धिप्पाड, कमी बोलणारा, हॉलंडचा कुणी प्रोफेसर, जो आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही अशी तिची खात्री असते. या दोघांचं लग्न होणार हे वाचणारीला माहीत असतं, लिहिणारीला माहीत असतं आणि प्रकाशकानं तर मुखपृष्ठावर तसं चित्रच छापलेलं असतं. तरीही लोक उरलेली पावणेदोनशे पानं वाचतात. वाचून झाल्यावर त्याच लेखिकेचं दुसरं पुस्तक शोधतात, आणि त्यातही एक सिस्टर आणि एक प्रोफेसर असतात.

यात वाचणाऱ्याला नेमकं काय मिळतं? ‘बायकांना स्वप्नरंजन लागतं’ असं म्हणून हा प्रश्न बरेचजण झटकून टाकतात. पण त्यानं काहीच उलगडत नाही. स्वप्नरंजन राजपुत्राच्या गोष्टीतही असतं. मग राजवाडा सोडून जंतुनाशकाचा वास भरलेला वॉर्ड का? आणि या पुस्तकांत इतकं कमी घडत असताना ती खाली का ठेववत नाहीत? या गोष्टी आतून कशा चालतात ते बघितलं की उत्तर सापडतं, आणि ते उत्तर प्रेमापेक्षा कामाबद्दल जास्त आहे असं मला वाटतं.

आधी ही पुस्तकं आली कुठून ते थोडक्यात. लंडनची मिल्स अँड बून ही प्रकाशन संस्था १९०८ मध्ये जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी सुरू केली. तेव्हा ती सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढायची. १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांत प्रेमकथांना उठाव आहे हे ओळखून तिनं सगळा भर तिकडे वळवला. त्या काळी बूट्स या औषधविक्रेत्यांच्या दुकानांमध्येही लायब्ररी असायची. खोकल्याचं औषध आणायला गेलेली बाई येताना कादंबरी घेऊन यायची. १९४८च्या ५ जुलैला ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, उपचार सगळ्यांना मोफत झाले, आणि हॉस्पिटल ही घराघरातल्या माणसांची ओळखीची जागा झाली. पन्नाशीच्या दशकात डॉक्टर-नर्सच्या गोष्टींना जो बहर आला त्यामागे हेही एक कारण होतं. कॅनडातल्या विनिपेगच्या हार्लेक्विन कंपनीनं १९५७ पासून मिल्स अँड बूनची पुस्तकं स्वस्त आवृत्तीत छापायला घेतली, तीही हॉस्पिटलच्या गोष्टींपासून सुरुवात करून. कंपनीच्या मालकांच्या पत्नी मेरी बॉनिकॅसल यांना अशा सभ्य, नेटक्या प्रेमकथा आवडायच्या, आणि त्यांच्या आवडीला कंपनीत वजन होतं. १९७१ मध्ये हार्लेक्विननं मिल्स अँड बून विकतच घेतली.

या प्रकारातल्या दोन लेखिकांबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण दोघीही आधी नर्स होत्या.

लुसिला अँड्र्यूज दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये शिकल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये नर्सिंगची शाळा काढली ती याच हॉस्पिटलात. युद्धात त्यावर बॉम्ब पडले, आणि त्या दिवसांत अँड्र्यूज यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. त्यांचं लग्न खरोखरच एका डॉक्टरशी झालं. पण तो अमली पदार्थांच्या व्यसनात अडकला, मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं, आणि अँड्र्यूज पुन्हा नर्सिंगकडे वळल्या. रात्रपाळ्या करता करता लिहायला लागल्या. पहिली कादंबरी १९५४ मध्ये आली आणि त्याच वर्षी नवरा वारला. डॉक्टरशी लग्न झालं की सुखच सुख, हे ज्या बाईच्या आयुष्यात खोटं ठरलं तिनं हॉस्पिटलातल्या प्रेमकथा लिहून मुलगी वाढवली. १९७७ मध्ये त्यांनी आपल्या युद्धकाळातल्या नर्सिंगच्या आठवणी लिहिल्या. पुढे त्या काळाबद्दल लिहू पाहणाऱ्या एका नावाजलेल्या कादंबरीकारानंही त्या तपशिलांचा आधार घेतला.

दुसऱ्या बेटी नील्स. त्यांनी नर्स आणि सुईण म्हणून शिक्षण घेतलं, युद्धात सैन्याच्या नर्सिंग सेवेत काम केलं, डच माणसाशी लग्न केलं आणि कितीतरी वर्षं हॉलंडमध्ये काढली. लिहायला सुरुवात केली ती निवृत्तीनंतर. गावच्या लायब्ररीत एक बाई ‘चांगल्या प्रेमकथाच मिळत नाहीत हल्ली’ अशी तक्रार करत होती, ती ऐकून त्यांनी लेखणी उचलली. पहिली कादंबरी १९६९ मध्ये आली. त्यानंतर २००१ मध्ये वारेपर्यंत सव्वाशेहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, म्हणजे साठीच्या आसपास सुरू करून वर्षाला सरासरी चार! सुरुवातीला वर्णन केला तो डच प्रोफेसर त्यांचाच. हॉलंडची घरं, कालवे, तिथल्या फ्रीसलंड प्रांताची सपाट शेतं, कॉफीसोबत येणारं एकच बिस्किट, हे सगळं त्यांनी प्रत्यक्ष अनुभवलेलं होतं.

आता मूळ मुद्दा. प्रेमकथेला अडथळा लागतो. अमेरिकन अभ्यासक पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये प्रेमकथेचे आठ आवश्यक घटक मांडले, त्यातला एक हाच: दोघांनी एकत्र येऊ नये असं काहीतरी मध्ये असलं पाहिजे. बाकीच्या लेखकांना हा अडथळा खटपट करून उभा करावा लागतो. कुठे घराण्याचं वैर, कुठे गैरसमज, कुठे हरवलेलं पत्र. जुन्या हॉस्पिटलात तो आयता मिळतो.

कसा, ते त्या काळच्या वॉर्डात शिरल्याशिवाय कळणार नाही. एक लांबच लांब हॉल, दोन्ही बाजूंना मिळून तीसेक खाटा, मधोमध सिस्टरचं टेबल. खाटांची चाकं एका रेषेत वळवलेली. उशीच्या अभ्र्याची उघडी बाजू दाराकडे दिसता कामा नये. चादरीचे कोपरे ठरलेल्या पद्धतीनं मुडपलेले. हॉस्पिटलच्या सगळ्या नर्सेसवर मेट्रन, प्रत्येक वॉर्डावर सिस्टर, तिच्या हाताखाली स्टाफ नर्स, त्याखाली तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी. कोण कुठली हे कॅप, पट्टा आणि गणवेशाचा रंग बघून लांबून कळायचं. डॉक्टरांची उतरंड वेगळी: वर कन्सल्टंट, मग रजिस्ट्रार, आणि तळाला रात्रंदिवस धावणारा हाउसमन. पहिल्या वर्षाच्या मुलीनं कन्सल्टंटशी आपणहून बोलायचं नाही. नर्सेसनी होस्टेलमध्येच राहायचं, रात्री ठरलेल्या वेळेच्या आत परतायचं, उशिरा यायचं तर आधी परवानगी काढायची.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. आपल्या सरकारी हॉस्पिटलांत मेट्रनचं पद राहिलं, कागदोपत्री ती अधिसेविका झाली एवढंच. इन्चार्ज सिस्टर राउंडच्या आधी वॉर्डभर कशी नजर फिरवते हे ज्यांनी ससून, केईएम किंवा जेजेमध्ये पाहिलंय त्यांना ही पुस्तकं आजच्या एखाद्या इंग्रज तरुणीपेक्षा लवकर कळतील. ब्रिटनमध्ये नर्सिंगची उतरंड नव्यानं मांडणाऱ्या १९६६च्या सॅमन समितीच्या शिफारशींनंतर जुन्या धर्तीचं मेट्रनचं पद गेलं.

तर अशा जागी दोन माणसं रोज भेटतात, एकाच खाटेच्या दोन बाजूंना उभी राहतात, आणि कामापलीकडचं एक अक्षरही बोलू शकत नाहीत. नियमच तसे आहेत. कुणी खलनायक लागत नाही, कुणी पत्र लपवावं लागत नाही. शिवाय रोज भेटण्याला कारणही लागत नाही, कारण पेशंट तिथेच आहे. एकाच वेळी इतकं जवळ आणि इतकं लांब ठेवणारी दुसरी जागा शोधून सापडायची नाही. म्हणूनच एवढीशी गोष्टही मोठी होते. राउंड संपल्यावर त्यानं वळून फक्त ‘थँक यू, सिस्टर’ म्हटलं, आणि एरवीपेक्षा अर्धा क्षण जास्त थांबला, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं.

इथेच या पुस्तकांची दुसरी किल्ली आहे. जुन्या पुस्तकांत गोष्ट बहुतेक वेळ तिच्या नजरेतून सांगितलेली असते. त्याच्या मनात काय आहे ते लेखिका क्वचितच उघडून दाखवते. तो काय करतो तेवढंच दिसतं. तिच्या आईला गावाहून यायचं असतं, तर स्टेशनवर गाडी आधीच उभी असते. तिच्या लहान भावाच्या शाळेची अडचण कुणीतरी परस्पर सोडवलेली असते. ती थंडीत बसची वाट बघत असते आणि तो ‘योगायोगानं’ त्याच रस्त्यानं चाललेला असतो. तिला वाटतं, किती दयाळू माणूस, सगळ्यांसाठीच करत असेल. वाचणारीला दुसऱ्याच प्रसंगाला कळलेलं असतं की हा योगायोग नाही. म्हणजे वाचणारीला नायिकेपेक्षा जास्त माहीत असतं, आणि नायिकेला ते कधी उमगतं याची वाट बघण्यात सगळी गंमत आहे. सीतास्वयंवराच्या कीर्तनाला बसलेल्या कुणाला धनुष्य कोण मोडणार याची शंका नसते, तरी बुवा एकेका राजाला उठवून बसवतात तोवर सगळे डोळे लावून बसतात. शेवट पक्का असला की ‘पुढे काय होईल’ची धाकधूक उरत नाही, आणि मन बारीकसारीक गोष्टी टिपायला मोकळं होतं.

पण मला स्वतःला या पुस्तकांत सर्वांत मोलाचं वाटतं ते आणखी वेगळं. त्यातली नायिका कामात फार चांगली असते, आणि तिचं हे चांगलं असणं कुणाच्या तरी नजरेत भरतं.

अशा कादंबऱ्यांत हमखास भेटणारा एक प्रसंग घ्या. दुपारी पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट संध्याकाळी वॉर्डात आहे. दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजायची आहे. ती ऐंशी होती, मग नव्वद झाली, मग शंभर. पेशंट तक्रार करत नाही, फक्त सारखा चुळबुळतोय, पाणी मागतोय. ओठांचा रंग उतरल्यासारखा दिसतोय, कपाळ हाताला ओलसर लागतंय. रक्तदाब अजून ठीक आहे. हाउसमन येतो, तक्ता बघतो, ऑपरेशननंतर असं होतंच म्हणतो आणि जातो. तोही दोन रात्रींचा जागा आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. नाडी एकशे दहा होते. सिस्टर फोनपाशी जाते आणि उतरंडीच्या मधल्या पायऱ्या ओलांडून थेट कन्सल्टंटच्या घरी फोन लावते. चूक ठरली तर उद्या मेट्रनसमोर उभं राहावं लागेल हे तिला ठाऊक आहे. पलीकडून एकच प्रश्न येतो: ‘सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?’ ती म्हणते, आत रक्तस्राव होतोय. तो म्हणतो, थिएटर तयार ठेवायला सांगा, मी निघालो.

प्रेमाचा एक शब्द यात नाही. तरी ज्यांनी कधी मनापासून काम केलंय त्यांना हा प्रसंग वाचताना घसा दाटून आल्यासारखं होईल. डॉक्टर पेशंटजवळ पाच मिनिटं असतो, नर्स आठ तास. शरीर आतून बिघडायला लागलं की नाडी आधी बोलते, रक्तदाब बऱ्याचदा मागाहून पडतो. हे ज्ञान तिच्या बोटांच्या टोकांत आहे. आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवून एक मोठा माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो. खऱ्या जगात किती नर्सेसचं म्हणणं असं ऐकून घेतलं जातं? किती नोकऱ्यांत वरची माणसं खालच्यांना ‘तुम्हाला काय वाटतं’ म्हणून विचारतात? आणि वाचणाऱ्यांत केवळ नर्सेस नाहीत. शाळेत शिकवणाऱ्या आहेत, बँकेत काउंटरवर बसणाऱ्या आहेत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं सगळं करणाऱ्या आहेत. आपलं नीट केलेलं काम कुणाच्या नजरेत येतंय, हीच यातली खरी भूक आहे. लग्नाची मागणी त्यानंतर येते आणि ती खरी वाटते, कारण आदर आधीच येऊन गेलेला असतो.

त्याच्याच पुढची पायरी म्हणजे काळजी घेणारीची काळजी. बेटी नील्स यांच्या पुस्तकांत खाण्यापिण्याची वर्णनं डोळ्यांत भरण्याइतकी असतात. ओपीडी लांबलेली, सिस्टरचं जेवण राहिलेलं, आणि तो काही न विचारता तिला एखाद्या शांत हॉटेलात नेऊन बसवतो: गरम सूप, भाजलेलं मांस, वर सायीचं काहीतरी गोड. तिथेही तो प्रेमाबिमाचं बोलत नाही. ती खाते, तो तिला खाऊ देतो. डोळे मिटायला लागले तर गाडीत झोपू देतो. अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बायकांना पुरुषाचा देखणेपणा किंवा श्रीमंती यांहून त्याची माया जास्त महत्त्वाची वाटत होती. त्यांचं दुसरं म्हणणं असं की पुस्तक हातात असतं तेवढा वेळ आपण कुणाची आई नसतो, कुणाची बायको नसतो, तो वेळ फक्त आपला असतो. दिवसभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईला जी गोष्ट घरात कुणी देत नाही, ती आपल्याला जेवू घालणारी, बसवणारी, झोपू देणारी माया तिला पुस्तकात मिळते. नर्स ही अशा बाईचं सर्वांत चोख रूप आहे. तिचं कामच मुळात दुसऱ्यांचं करणं. म्हणून तिला कुणी चहाचा कप हातात दिला की तो वाचणारीलाही मिळाल्यासारखा वाटतो.

नायकाच्या श्रीमंतीबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण टीका करणारे तिथेच बोट ठेवतात. मोठी गाडी, जुना वाडा, घरी म्हातारी विश्वासू नोकर मंडळी, कधी कधी तर बॅरन ही सरदारकीची पदवी. पण नायिकेच्या बाजूनं पाहा. नर्सचा पगार तुटपुंजा. तिच्यावर बहुतेक वेळा घरची जबाबदारी असते. वडील गेलेले, धाकटी भावंडं शिकतायत, किंवा एखादी मावशी तिच्याच आधारावर आहे. कोट तिसऱ्या हिवाळ्यात चालवायचा की नवा घ्यायचा, बसनं जायचं की चालत, याचा हिशोब ही पुस्तकं चक्क पानभर मांडतात. त्यामुळे नायकाच्या पैशाचा अर्थ दागिने किंवा मिरवणं असा उरत नाही. ऊब असलेली खोली, पुरेसं जेवण, छप्पर गळणार नाही याची खात्री, एवढाच तो अर्थ. दागिन्यांचा हव्यास या गोष्टींत नेहमी दुसऱ्या बाईला असतो. ती सडपातळ, झुळझुळीत कपड्यांतली, पेशंटांना आणि कुत्र्यामांजरांना नाक मुरडणारी असते, आणि तिच्याशी लग्न ठरेल की काय अशी भीती मधल्या पानांत घातली जाते. हे पात्र फारच कच्चं असतं. मी ती पानं भराभर उलटते.

शयनगृहाचं दार या पुस्तकांत बंदच राहतं. शेवटी एक चुंबन, फार तर दोन. याची कारणं काही प्रमाणात धंद्याची होती. या कथा बायकांच्या साप्ताहिकांत क्रमशः छापून यायच्या, आणि ती साप्ताहिकं घरातल्या सगळ्यांच्या हाती पडणार हे संपादकांना बघावं लागायचं. पण १९७०च्या दशकात बाकीच्या प्रेमकथा मोकळ्या झाल्या, तरी नील्स यांनी आपली रीत सोडली नाही. परिणाम असा की हाताचा स्पर्शही इथे मोठी घटना होते. ऑपरेशन थिएटरमध्ये मास्कवर फक्त डोळे दिसतात, आणि एवढ्यावर लेखिकेला काम भागवावं लागतं. त्यानं मागायच्या आधी तिच्या हातातलं अवजार त्याच्या हातात गेलेलं असतं. ती जवळीक या लेखिका फार छान लिहितात.

आता या पुस्तकांचे दोष. ते लहान नाहीत, आणि आवड आहे म्हणून ते झाकावेत असं मला वाटत नाही.

सगळ्यात मोठा दोष म्हणजे ही पुस्तकं ज्या हॉस्पिटलांचं चित्र काढतात त्यातली बरीच माणसं चित्रात नसतात. १९४८ नंतरची ब्रिटनची आरोग्यसेवा बाहेरून आलेल्या लोकांच्या जिवावर उभी राहिली. कॅरिबियन बेटांवरून हजारोंनी नर्सेस आल्या. भारत-पाकिस्तानातून डॉक्टर आले, त्यात मुंबई-पुण्याहून एफआरसीएस नाहीतर एमआरसीपी या वरच्या वैद्यकीय परीक्षा द्यायला गेलेले मराठी डॉक्टरही होते. इंग्रज डॉक्टरांना नको असलेल्या शाखा, म्हाताऱ्यांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, औद्योगिक गावांतले दवाखाने या माणसांनी सांभाळले. आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात एखादे काका, एखादी आत्या अशी असेल. रात्रपाळीतला तो हाउसमन खरं तर कुलकर्णी किंवा पटेल असण्याची शक्यता बरीच होती. पण या कादंबऱ्यांच्या वॉर्डात तो जवळजवळ दिसतच नाही. बाहेरचा माणूस म्हणजे उंच, गोरा डच प्रोफेसर, एवढंच. याचं मला वाईट वाटतं, कारण ती गोष्ट तितकीच सुंदर झाली असती.

दुसरा दोष अधिकाराचा. वरिष्ठ डॉक्टर आणि त्याच्या हाताखालची मुलगी, वयात दहा-पंधरा वर्षांचं अंतर. आजच्या कुठल्याही हॉस्पिटलात हे प्रकरण तक्रार समितीपुढे जाऊ शकेल, आणि जायलाही हवं. त्या काळी खऱ्या आयुष्यात अशा संबंधांत मुलीचीच नोकरी जायची. पुस्तकं यातून वाट काढतात ती नायकाला विलक्षण संयमी करून. तो वाट बघतो, तिच्या नकाराचा मान ठेवतो, तिला अडचणीत टाकत नाही. ते वाचायला चांगलं वाटतं, पण प्रत्यक्षात असा भरवसा नियमांवर ठेवायचा असतो, माणसाच्या चांगुलपणावर नाही. आणि लग्नानंतर ती बहुतेक वेळा काम सोडते. एवढी चांगली सिस्टर, जिच्या कामामुळेच ती आपल्याला आवडली, ती शेवटच्या पानावर कॅप उतरवून वाड्याची मालकीण होते, हे मला दर वेळी खटकतं. अँड्र्यूज यांच्या नायिका इथे मला जास्त जवळच्या वाटतात. त्यांचं लक्ष वॉर्डात असतं.

तरी ही पुस्तकं कोण आणि कधी वाचतं ते पाहा. हॉस्पिटलात कुणाच्या तरी उशाशी बसलेली माणसं वाचतात, परीक्षा संपल्यावर वाचतात, घरात कुणी गेल्यावर, झोप उडालेल्या दिवसांत वाचतात. दमलेल्या मनाला रहस्य पेलत नाही, बातम्या नकोशा होतात, थोर साहित्य हातात घेतलं तर तीच तीच ओळ पुन्हा वाचली जाते. अशा वेळी जिथे आजारी माणूस बहुधा बरा होतो, जिथे कुणीतरी रात्रभर जागून नाडी मोजतंय आणि सकाळी चादरी पुन्हा ताठ बसणार आहेत, अशी जागा लागते. गंमत म्हणजे ही सुरक्षित जागा आहे हॉस्पिटल, ज्याची आपल्याला एरवी धास्ती वाटते. आजारपणातली अनागोंदी, बिलं, कुणी नीट न सांगणं, हे सगळं काढून टाकून ‘इथे कुणीतरी लक्ष ठेवून आहे’ एवढंच या पुस्तकांनी ठेवलेलं असतं. खोटं म्हणा हवं तर. पण चांगल्या वॉर्डात, चांगल्या सिस्टरच्या पाळीत हे खरोखर असतं, आणि लिहिणाऱ्या दोघींनीही ते स्वतः केलेलं होतं.

आपल्याकडे ही पुस्तकं प्रामुख्यानं भाड्याच्या लायब्रऱ्यांतून फिरली. मुंबई-पुण्यात इंग्रजी शिकू पाहणाऱ्या कितीतरी मुलींनी याच पुस्तकांवर हात साफ केला. वाक्यं सोपी, शब्द रोजचे, आणि गोष्टीचा अंदाज असल्यानं अडलेला शब्द पुढच्या ओळीत उलगडायचा. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर त्यांचे गठ्ठे असायचे. पाठीवर चिकटपट्टी, आत दोन-तीन लायब्रऱ्यांचे शिक्के. आता ते दृश्य विरळ झालंय, पण नील्स यांची पुस्तकं ई-बुकच्या रूपात मिळतात.

सुरुवात करायची असेल तर आधी स्वतःला काय हवंय ते ठरवा. हॉस्पिटल कसं चालायचं, युद्धात आणि नंतर नर्सिंग म्हणजे काय होतं हे हवं असेल तर लुसिला अँड्र्यूज घ्या. त्यांच्या वॉर्डात माणसं मरतातही. डोक्याला विश्रांती हवी असेल तर बेटी नील्स, आणि शक्यतो १९७०च्या दशकातल्या. त्यांच्या नंतरच्या पुस्तकांत साल नव्वदचं असलं तरी वागणं साठ सालचं राहतं, ते काहींना गोड लागतं, काहींना अवघडल्यासारखं होतं. पाठोपाठ तीन-चार वाचू नका, सगळे प्रोफेसर एकमेकांत मिसळून जातात. आणि नवं मुखपृष्ठ बघून फसू नका: आतल्या पानावर पहिल्या आवृत्तीचं वर्ष दिलेलं असतं ते तपासा, कारण आज ‘मेडिकल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रेमकथा पुष्कळदा वेगळ्या वळणाच्या असतात, आणि त्यांत मेट्रन भेटेलच असं नाही.